चार सेकंदांचा उशीर

३ ऑक्टोबर, रविवार

चहा आज परत बशीत. कपात कमी, बशीत जास्त. दादाला म्हटलं, किटली तरी सरळ धर. तर म्हणे, "कप लहान झालेत हल्ली." कप वहिनीच्या वेळचे आहेत. ती जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून कप वाढलेले नाहीत आणि लहानही झालेले नाहीत. पुसायला मी आहेच.

सकाळी मंडळाच्या चिटणिसांचा फोन. बुध सूर्यावरून सरकणार, ते अधिक्रमण तेरा नोव्हेंबरला, शनिवारी, भर दुपारी — हे काय आम्हाला सांगायला हवं? वर्षभर कॅलेंडरवर लाल गोल काढून ठेवलाय. पण खरं काम वेगळंच होतं. खगोल मंडळाला चाळीस वर्षं होतात म्हणून पुस्तिका काढायची आहे, आणि तिच्यात आमची वही छापायची आहे. आख्खी. अकरा सूर्यग्रहणं, तीन वेळा बुध, दोनदा शुक्र. "हल्ली सगळे कॅमेऱ्यावर घेतात हो. एकच डोळा, एकच भिंग आणि चाळीस वर्षं, असं दुसऱ्या कुणाकडे नाही. या अधिक्रमणाची नोंद शेवटची घालू आणि छापायला देऊ."

दादाला सांगितलं. वाटलं, खूष होईल. "बघू," म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन बसला. चाळीस वर्षं दुसरं केलंय काय!

५ ऑक्टोबर, मंगळवार

वही काढली, झटकली. पानं पिवळी पडलीत, पण अक्षर माझं आहे, वाचता येतं.

पद्धत पहिल्या दिवसापासून एकच. डोळा दादाचा, घड्याळ माझं. तो दुर्बिणीला डोळा लावून स्टुलावर बसतो, मी त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी बसते — पाठ करून, कारण सेकंदकाट्यावरून नजर हलली की संपलं — आणि मोठ्याने सेकंद मोजते. बुध सूर्याच्या कडेवरून पुरता आत शिरला, कडेपासून मोकळा झाला, की दादा म्हणतो "सुटला". त्या क्षणी माझ्या तोंडात जो आकडा असेल तो मी पेन्सिलीने लिहिते. बाहेर पडताना पलीकडच्या कडेला लागला की "टेकला". जागेवर पेन्सिल, दुसऱ्या दिवशी शाई. मग शेजारी चिटणिसांनी गणिताने काढलेली वेळ, आणि तिसऱ्या रकान्यात फरक.

तो फरकाचा रकाना वाचला की आजही माझं डोकं उठतं. चार. चार. पाच. चार. तीन. चार. पाच. चार. दर वेळी उशीर! एकदासुद्धा वेळेवर नाही. का, तर साहेबांना खात्री झाल्याशिवाय तोंड उघडवत नाही. "दिसलं की बोल ना," हे मी चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय. "दिसलं म्हणजे काय ते आधी ठरवावं लागतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली पहिली नऊ फोनवर लोकांना वेळ सांगायच्या टेबलावर. एक सेकंद इकडे-तिकडे झाला तर वरून चिठ्ठी यायची. आणि घरात हा माणूस.

चिटणिसांना मात्र त्याचं कौतुक. उशीर ठरलेला असला की वजा करता येतो म्हणे. "चार सेकंद म्हणजे तुमच्या दादांची सही आहे," असं एकदा भर बैठकीत म्हणाले होते. दादा आठवडाभर छाती पुढे काढून फिरत होता.

आणि हो, मी स्वतः तो क्षण एकदाही पाहिलेला नाही. सोळाही वेळा माझी पाठ होती. सगळं उरकल्यावर डोळा लावायचा, "छान आहे" म्हणायचं आणि टेबल खाली न्यायचं. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

भाचीचा फोन. दादाची मुलगी, पण फोन करते मला. "आत्या, बाबांच्या डोळ्यांचं काय चाललंय? मी आले होते तेव्हा बोलताना माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. कानाकडे बघत होते."

म्हटलं, तुझे बाबा कधी कुणाच्या तोंडाकडे बघून बोललेत?

मग नेहमीचा पाढा. ती त्याला स्वतःकडे घेऊन जाणार. तिथे लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे, खोली रिकामी आहे. "तूही ये की," हे सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं वाढल्यासारखं. दादाने तिला सांगून ठेवलंय — अधिक्रमण होऊ दे, मग ठरवू. म्हणजे त्याच्या मनात जायचं आहे की नाही ते मला विचारू नका, मला कुणी सांगत नाही.

दादा गेला तर या घरात मी, एक घड्याळ आणि एक वही. मला नको आहे तसं. इथे लिहून ठेवते, तोंडाने बोलणार नाही.

१० ऑक्टोबर, रविवार

सरळ विचारलं. डोळे कसे आहेत?

"दोन आहेत."

तपासून घे म्हटलं. अर्धा तास कुरकुर. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार नाही, तिथे थेंब घालून तासभर बसवतात. जायचंच तर आपल्या दुकानात जाऊ. आपलं दुकान म्हणजे चष्म्याचं दुकान, जिथे त्याने चौतीस वर्षं मागच्या खोलीत भिंगं घासली. दुर्बिणीचं भिंगही त्याने तिथेच घासलं, जेवणाच्या सुट्टीत, अडीच वर्षं. बरं म्हटलं. दुकान तर दुकान.

१६ ऑक्टोबर, शनिवार

दुकानात जाऊन आलो. जुन्या मालकांची सून बसते आता. दादाला बघून खुर्ची पुसली. समोरच्या भिंतीवर अजून तोच अक्षरांचा तक्ता, दादाने स्वतः ठोकलेला. तिने छडी उचलायच्या आत याने वाचायला सुरुवात केली. उजवा डोळा झाकून, मग डावा झाकून. वरपासून खालपर्यंत, एका दमात, कुठे अडखळणं नाही. अगदी खालची बारीक ओळसुद्धा, जी मला चष्मा लावून मुंग्यांसारखी दिसते.

"काका, बहात्तराव्या वर्षी खालची ओळ? माझ्या नवऱ्याला येत नाही," म्हणाली.

तिथूनच भाचीला फोन लावला आणि तिला ऐकवलं. तर म्हणते, "मग कानाकडे का बघत होते?" नवीन कानातलं घातलं असशील, म्हटलं, आणि ठेवला.

म्हणजे निष्कर्ष असा, की डोळे ठणठणीत आहेत आणि माणूस निष्काळजी आहे. हे जास्त वाईट. आता चहा सांडला तर मी पुसणार नाही.

१७ ऑक्टोबर, रविवार

सांडला. पुसला.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

गच्चीची किल्ली मागायला गेले तर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दारातच सुरू. त्यांच्या चादरी. आठ माणसांच्या घरात रोज दोन बादल्या चादरी कुठून निघतात देव जाणे, पण गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, आणि दुर्बिणीला नेमकी तीच जागा. मी म्हटलं, तेरा तारखेपुरत्या काढा. तर म्हणे, "एवढं काय बघायचंय त्या सूर्यात? रोजच असतो."

समजावलं. बुध नावाचा ग्रह सूर्याच्या तोंडावरून जाणार. साडेचार तास लागतील. काळा ठिपका, मोहरीएवढा. पुढचं इथून दिसणारं सात वर्षांनी. तेव्हा दादा एकोणऐंशीचा असेल.

"मोहरीएवढा," त्या म्हणाल्या. जरा विचार केला. मग बोली झाली — दोऱ्या काढतील, पण त्यांनाही दुर्बिणीतून दाखवायचं. कबूल केलं. काय करणार!

दादाला येऊन सांगितलं तर ऐकतच नव्हता. पेपर हातात, तोही उलटा — म्हणजे आतलं पान बाहेर करून घडी घातलेला. वाचून दाखव म्हणतो हल्ली. चष्मा सापडत नाही म्हणे. चष्मा कपाळावर.

३० ऑक्टोबर, शनिवार

आज दुर्बीण बाहेर काढली. सकाळचे नऊ ते दुपारचा एक, चार तास, आणि सगळा वेळ वाद.

भिंग धुरकट झालंय, पूस. पुसलं. अजून आहे. परत पुसलं. डोळ्याकडची काच पूस. पुसली. मधोमध काहीतरी आहे, बघ. मी उजेडात धरून बघितलं, काहीही नाही. "आहे," म्हणाला. "मधोमध डाग आहे, कडा स्वच्छ आहेत." सात वेळा पुसली मी ती काच! शेवटी म्हटलं, डाग काचेवर नाही, तुझ्या डोक्यात आहे. मग हळूच म्हणाला, "असेल."

असेल काय? चुकलं म्हण की सरळ. नाही म्हणणार.

सूर्यासाठी पुढे लावायची काळी काच मात्र नीट तपासली — मीच, खिडकीशी धरून, टाचणीएवढं भोक कुठे नाही ना ते. तिच्याशिवाय सूर्याकडे दुर्बीण वळवली की डोळा गेलाच. त्या बाबतीत या घरात कधी हयगय झालेली नाही, हे लिहून ठेवते. दादाने चाळीस वर्षांत एकदाही उघड्या भिंगातून सूर्य पाहिलेला नाही.

फोकसच्या चाकाला हात लावू दिला नाही, अर्थात. ते चाक त्याचं. माझं बोट लागलं की घरात आठवडाभर अबोला, हा जुना करार आहे.

६ नोव्हेंबर, शनिवार

चिटणिसांनी आमच्या गच्चीसाठी गणित करून वेळा पाठवल्या. आत सुटणार बारा वाजून चौदा मिनिटं एक्केचाळीस सेकंदांनी. टेकणार चार सदतीस, आठ सेकंद.

मी कागद घडी करून घड्याळाच्या डब्यात टाकला. हाही नियम. दादाला नेमकी वेळ आधी कधी सांगायची नाही. त्याचाच नियम आहे — "आकडा कानात गेला की डोळा त्याच्या मागे धावतो." एका ग्रहणाच्या वेळी मी चुकून बोलून गेले तर कानात बोळे घालून बसला होता.

आणि आज जेवताना विचारतो, "चिटणिसांची वेळ काय आली?"

म्हटलं, कशाला हवी?

"अशीच."

अशीच कशी? मग संध्याकाळी परत विचारलं. रात्री पुन्हा. शेवटी वैतागून सांगितली, सेकंदांसकट दोन्ही. घे म्हटलं, आणि आता तरी वेळेवर बोल. त्याने दोन्ही आकडे ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले.

मला हे मुळीच आवडलेलं नाही.

११ नोव्हेंबर, गुरुवार

ढग. सकाळपासून. चिटणिसांचे चार फोन, जणू ढग मी आणलेत.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

ढग गेले. दादाने मोजे वेगवेगळे घातलेत, एक काळा एक निळा. सांगितलं तर "उद्या कोण बघणार आहे माझे पाय" म्हणे.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी १२.३०. गच्चीवरच लिहितेय.

ऊन चांगलं. वारा नाही. दोऱ्या काढल्यात. रेडिओवरून घड्याळ लावून घेतलं, अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. बारा तेराला मोजायला लागले. माझा तो टेबलावरचा आवाज अजून येतो, बरं वाटलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस —

"सुटला."

मी लिहिलं. मग आकड्याकडे बघत राहिले. बारा, चौदा, एक्केचाळीस. डब्यातला कागद काढून परत बघितला. फरक शून्य. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस वेळेवर बोलला!

"किती?" त्याने विचारलं. डोळा अजून दुर्बिणीलाच.

एक्केचाळीस, म्हटलं.

"नीट लिहिलंस?"

लिहिलं.

"फरक लिही ना."

फरक उद्या. शाईने. नियम काय आजच मोडायचे सगळे?

काहीतरी बोलेल असं वाटलं. मग भूक लागली म्हणाला आणि कठड्याला हात लावत लावत जिना उतरला.

माझीच चूक. वेळ सांगायलाच नको होती. आकडा कानात होता, डोळा त्याच्या मागे धावला, झालं. चिटणिसांना काय सांगू? शून्य बघून ते विचारतीलच.

२.५०

पटकन लिहून घेते.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या दोनला. ठरल्याप्रमाणे. दुर्बिणीशी वाकल्या, एक डोळा मिटला, मग दुसरा. "काही दिसत नाही हो. नुसतं पिवळं."

म्हटलं, नीट बघा. मोहरीएवढा, खालच्या बाजूला.

"मोहरी नाही, राई नाही. पिवळी लापशी आहे नुसती. यासाठी मी चादरी जिन्यात वाळवल्या?" आणि गेल्या.

मी मनातल्या मनात म्हटलं, बाईंना दुर्बिणीत बघायची सवय नाही. मग मी डोळा लावला.

पिवळी लापशी. सूर्याला कडाच नव्हती. इतका फोकस बिघडलेला की बुध सोड, चंद्र आडवा गेला असता तरी कळला नसता. वाटलं, बाईंनी चाक फिरवलं. पण त्यांनी कशाला हात लावला नव्हता, दोन्ही हात पाठीमागे धरले होते, मीच तसं सांगितलं होतं. दादा जेवायला खाली. मी चाक फिरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. एक फेरा, दोन फेरे, अडीच. तेव्हा कुठे कड आली, आणि तो दिसला — काळा, गोल, स्वच्छ.

म्हणजे बारा चौदाला दादाला काहीही दिसत नव्हतं. बुध नाही, कड नाही. तो दुर्बिणीशी डोळा लावून माझे सेकंद ऐकत होता, आणि पाठ केलेला आकडा आला तेव्हा बोलला.

आणि मग सगळं एकदम. तक्ता! चौतीस वर्षं तो त्या तक्त्यासमोर वावरला. झोपेत म्हणेल. मी तिथे उभी राहून मान डोलवत होते, भाचीला फोन करत होते. चहा. मोजे. मधोमध डाग, कडा स्वच्छ. समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं तर तोंड दिसत नाही, कानाकडे बघितलं तर कडेने थोडं दिसतं. आणि मी म्हटलं, डाग तुझ्या डोक्यात आहे.

चाक परत अडीच फेरे मागे फिरवलं. होतं तसं करून ठेवलं. का केलं ते माहीत नाही. जिन्यावर त्याची पावलं वाजतायत.

संध्याकाळी ६.१५

सगळं खाली आणलं. टेबल, घड्याळ, दुर्बीण.

सव्वाचारला दादा म्हणाला, "परतीला तू बस दुर्बिणीशी. मी मोजतो. ऐकून मोजता येतं मला, रेडिओ लाव." स्टूल माझ्याकडे सरकवलं.

माझा संताप झाला. कशाचा तेही सांगता येईना. मी बसले असते तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं. आणि मग काय बोलायचं असतं? म्हटलं, पुस्तिकेला एकच डोळा हवाय, चाळीस वर्षांचा नियम आहे, गुपचूप बस. फार मोठ्याने बोलले मी.

"एकदा बघ तरी," म्हणाला.

नको म्हटलं ना!

बसला. मी पाठ केली. मोजलं. सहा, सात, आठ —

"टेकला."

फरक शून्य.

१४ नोव्हेंबर, रविवार

शाई.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाला खोटा सेकंद सांगितला नाही. आज दोन सांगितले. पेन्सिलीचे आकडे खोडले आणि शाईने लिहिलं — सुटला पंचेचाळीस, टेकला बारा. फरक चार, फरक चार. दादाची सही, मी मारली.

चिटणिसांना संशय नको. भाचीला कळायला नको, ती उद्याच गाडी घेऊन येईल. पण खरं कारण ते नाही. त्याला वाटू दे की मला काही कळलं नाही. एवढं लपवलं बिचाऱ्याने, एवढं पाठ केलं, दोन-दोन आकडे ओठांत घोळवले. ते वाया जायला नको. आता डॉक्टरकडे कुठल्या निमित्ताने न्यायचं ते बघते. माझाच नंबर काढायचाय असं सांगावं. जरा दिवस जाऊ देत.

नोंद टपालात टाकली.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

निमित्त सुचत नाही. "माझा नंबर काढायचाय" म्हटलं तर म्हणाला, "दुकानात जा." चहा आता मीच ओतते. का ओततेस असं त्याने विचारलं नाही. या घरात कुणी काही विचारायचंच नाही, असं ठरलंय बहुतेक.

२४ नोव्हेंबर, बुधवार

चिटणिसांचं पत्र. दादाने पाकीट माझ्यापुढे सरकवलं. वाचून दाखवलं.

"नोंद पोहोचली. कॅमेऱ्यांच्या गर्दीत तुमच्या दादांचे चार सेकंद बघून डोळे भरून आले. दोन्ही वेळा चार! वही छापायला देत आहोत."

मला वाटलं, आता तरी छाती पुढे काढेल.

"किती म्हणाले?"

चार.

"दोन्ही वेळा?"

दोन्ही वेळा.

त्याने कप खाली ठेवला. बशीच्या बाहेर ठेवला. उठून खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

आता याला काय झालं! त्याच्यासाठीच तर केलं सगळं.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

अबोला. दुसरा दिवस. चाकाला हात लावल्याचं कळलं की काय?

२७ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आपणहून बोलला. माझ्या कानाकडे बघत.

"मला चार सेकंद थांबता आलं असतं. माझा उशीर मला माहीत नाही का? चाळीस वर्षं तूच वाचून दाखवतेस. थांबलो असतो तर तुला कधीच कळलं नसतं." मग म्हणाला, "तोंडाने सांगवेना. म्हटलं, वेळेवर बोललो की हिला कळेल. दुसऱ्या कुणाला नाही कळणार, हिला कळेल. म्हणून तर स्टूल देत होतो."

इतकी वर्षं मी लोकांना वेळ सांगितली. एकदा कुणीतरी मला सांगितली, तर मी ती खोडली.

चिटणिसांना फोन करून म्हटलं, शेवटची नोंद काढा, खोटी आहे, मी केलीय. भाचीलाही केला. डोळ्यांचे डॉक्टर सोमवारी अकराला. दादा म्हणाला, दहालाच निघू, उशीर नको.